फाटकात अडकलेली एस.टी.

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खात्यातला एका रुपयाचा फरक लांबून दिसतो, स्वतःच्या घरातला दिसत नाही. माझ्या आगगाडीतला फरक माझ्या मुलीने काढला.

आगगाडी म्हणजे खेळण्यातली नव्हे. (असं म्हटलं की लोक सहानुभूतीने मान हलवतात.) मॉडेल रेल्वे! एच.ओ. प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या १/८७, आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. आठ वर्षांपूर्वी कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत रोग अंगात भिनला होता. सहा बाय चारचं प्लायवूड, त्यावर रुळांचा एक फेरा, स्टेशन, मारुतीचं देऊळ, एक उघडं फाटक आणि फाटकापाशी फेव्हिकॉलने चिकटवलेली एस.टी. हे माझं संस्थान. ८७ने गुणलं तरी लांबी जेमतेम १५९ मीटर!

"बाबा," मुलगी म्हणाली, "ही एस.टी. मी बालवाडीत असल्यापासून इथंच आहे. फाटक उघडं असून थांबलीय कशाला? आणि आतल्या लोकांनी जेवायचं काय?"

मी निरुत्तर. एस.टी. हलवणं भाग होतं.

फालर नावाच्या जर्मन कंपनीने १९८९ साली चालत्या रस्त्यांची युक्ती बाजारात आणली. रस्त्याच्या पोटात लोखंडी तार पुरायची. गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं लोहचुंबक तारेच्या मागोमाग जातं आणि चाकं वळवतं. मोटर अन् बॅटरी गाडीतच. थांबवायची असेल तिथे रस्त्याखाली विद्युतचुंबक बसवायचा. तो जागा झाला की गाडीतला स्विच उघडतो आणि गाडी जागीच उभी. तार दिसत नाही, पण तिला सोडून जाता येत नाही. मला लगेच पटलं. हेड ऑफिसच्या सर्क्युलरवर मीसुद्धा असाच चालतो.

पण एस.टी. पडली लांब. वळणावर पुढची चाकं तारेवरून जातात आणि मागची आत कापून येतात. म्हणजे वळण ऐसपैस हवं. वळणात मारुतीचं देऊळ! शेवटी जुना रस्ता उखडला, स्टेशन सरकवलं, मारुतीला चार इंच पलीकडे पर्यायी जागा दिली. तीन महिने हॉलमध्ये प्लास्टरची धूळ. "अहो, हॉलचा रस्ता वाहतुकीला कधी खुला होणार?" ही रोज विचारायची. खर्चाचं विचारलं नाही, कारण तो आकडा मी सस्पेन्स खात्यात टाकला होता.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मी गाडी सोडली, एस.टी. सोडली आणि मग ऐटीत नव्या फाटकाचं बटण दाबलं. फाटक सावकाश खाली आलं. एस.टी. बरोब्बर आत अडकली. पुढे काय झालं ते सांगवत नाही. एवढंच सांगतो की एस.टी. मारुतीच्या पायाशी सापडली.

"फाटक लागायच्या आधी सिग्नल कुणी पाडला?"

आवाज दारातून आला. नाना उभे होते. माझे वडील. दौंड लाइनवर ३४ वर्षं गेटमन. आई गेल्यापासून दोन वर्षं ते घरात 'पाणी दे' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलत. माझ्या रेल्वेकडे तर त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. रेल्वे सोडून बँकेत गेलो याचा राग असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

"आधी फाटक. ते लागून कुलूप पडलं की मगच सिग्नल. आणि सिग्नल पडलेला असेतो फाटक उघडत नाही," नाना खुर्ची ओढून बसले. "आठ वर्षं तुझं फाटक उघडं, आणि गाड्या आपल्या जाताहेत. बघवत नव्हतं रे मला."

मी बी.कॉम. माणूस. एवढी मोठी चूक ताळेबंदात आठ वर्षं दिसली नव्हती.

त्या रात्री आम्ही दोघांनी तारा पुन्हा जोडल्या. आधी एस.टी. थांबणार, मग फाटक लागणार, आणि ते पुरतं लागल्याशिवाय रुळांत वीज जाणारच नाही. फाटकाचं बटण नानांकडे. आता संध्याकाळी सातला ते ड्यूटीवर येतात. शाळेच्या एका जुन्या वहीत गाड्यांच्या वेळा लिहितात. कालची माझी बँकेतून यायची वेळसुद्धा तिच्यात आहे. पुढे शेरा : '२० मिनिटं लेट.'

पहिल्या दिवशी शेवटची गाडी गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. जेवताना नानांनी आपण होऊन आमटी मागून घेतली. हिने माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं.

सस्पेन्स खात्यातली रक्कम मी त्या रात्री हिला सांगून टाकली. ही म्हणाली, "असू दे."