जरा बाहेर जाता का?

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवताना दरवर्षी पहिल्या तासाला मी एक किस्सा सांगायचे. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे आणला. त्याला कळायचं काहीच नाही. तुमच्या वाक्यातला शब्द उचलायचा, 'मी'चं 'तुम्ही' करायचं आणि प्रश्न तुमच्याच अंगावर परत टाकायचा. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो तयार होताना कित्येक महिने पाहिला होता. तरी दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. वर्ग हसायचा. मीही हसायचे. बघा, माणूस किती लवकर फसतो!

आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे राहायला आले. एकदा त्यांचा फोन चार्जिंगला लावताना स्क्रीन उजळली. चॅटबॉटला त्यांनी लिहिलं होतं, 'आज हिची पितळी परात मोडीत दिली. चुकलं का माझं?' खाली साखरेत घोळवलेलं लांबलचक उत्तर. परात गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं, आणि त्या यंत्राला होतं! मी तणतणत त्यांच्यासमोर उभी राहिले.

आप्पा शांतपणे म्हणाले, "ते मशीन आहे, एवढं कळतं गं मला. पण तुला सांगितलं की तू रडतेस. मग मी तुझी समजूत काढत बसतो. माझं राहूनच जातं."

त्या रात्री मला ती सेक्रेटरी आठवली. ती फसली नव्हती. समोर कोण आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तिला नको होता तो पाठीमागून डोकावणारा माणूस. सगळ्यांचे संवाद साठवून वाचता येतील, असं वायझेनबाउमनी एकदा सुचवलं, तेव्हा ही हेरगिरी आहे म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. हा भाग मी वर्गात कधी सांगितलाच नाही. आणि घरात नेमकं तेच करून बसले होते.

किस्सा मी अजूनही सांगते, पण हसण्यासाठी थांबत नाही. आप्पांच्या फोनला हात लावत नाही. यंत्राची ती गोडगोड हांजी हांजी मात्र अजून पटत नाही. आणि एक गोष्ट खुपत राहते: मी खोलीबाहेर आले खरी, पण आप्पांचं ते बोलणं जिथे साठतं, त्या कंपनीला बाहेर जायला कोण सांगणार?