भरती बंद होती तेव्हा

४ मे २०२० ला वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला. करोनामुळे राज्याचा महसूल आटला होता. विभागांना अर्थसंकल्पातला ३३ टक्केच निधी मिळणार होता, आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून कुठेही नवी पदभरती करायची नव्हती. आमच्या केळशी गावात तेव्हा रेंज शोधत फिरावं लागे, तरी तो कागद आमच्या डी.एड.वाल्यांच्या ग्रुपवर त्याच दिवशी पोचला. त्याखाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

माझं डी.एड. २०११ चं. मे २०१२ मध्ये अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत भरती नाही असा आदेश निघाला. डिसेंबर २०१३ ची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, मी पास झाले, २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतिक्रम भरले. २०१९ च्या निवड यादीत नाव आलं नाही. एका संस्थेत जागा होती, पण तिथे सांगितलेला आकडा लाखांतला होता. म्हणून एका विनाअनुदानित शाळेत चार हजारांवर शिकवत होते. लॉकडाऊनमध्ये पालकांची फी थांबली, तसा माझा पगारही थांबला.

घराला आधार होता तो आगराचा. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दुपारपर्यंत आमच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. भरपाई जाहीर झाली हेक्टरी ५० हजार, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आमच्याकडची आगरं काही गुंठ्यांचीच, पण त्या गुंठ्यांत झाडं दाटीने उभी असतात आणि नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाई पुढे झाडांवर हिशोबून द्यायचं ठरलं, ते योग्यच झालं. पण त्या जूनमध्ये बाबा पडलेल्या झाडांतून नुसते फिरत राहायचे, आणि ‘तुझं काय झालं गो?’ हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

शाळा ऑनलाइन सुरू झाल्या म्हणे. आमच्याकडे कित्येक आठवडे वीजच नव्हती. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची मुलं गावात, गावातली मुलंही घरात, आणि हातातले मोबाइल बंद. शेजारच्या काकूंनी आपला नातू आमच्या ओटीवर आणून बसवला, ‘जरा बघ याच्याकडे’ म्हणून. मग खालच्या वाडीतली आली, मोहल्ल्यातली आली. अंतर ठेवून बसवायचं म्हणून निम्मी ओटीवर, निम्मी खळ्यात.

पुस्तकं सगळ्यांकडे नव्हती. पोफळीच्या पडलेल्या खोडांवर वळ्या होत्या, त्या मोजत आम्ही पाढे केले. सुपाऱ्यांचे दहा-दहाचे ढीग लावून दशक-एकक केलं. दादरच्या शाळेतला एक सहावीतला मुलगा भागाकार घडाघडा करायचा, पण हातचा म्हणजे नेमकं काय हे त्याला या ढिगांवर पहिल्यांदा दिसलं. तो ओरडलाच, ‘ताई, म्हणजे ढीग मोडायचा!’ डी.एड.च्या सरावपाठांत मला असं शिकवता आलं नव्हतं. पैसे मी कुणाकडे मागितले नाहीत. कुणी तांदूळ देई, कुणी मासे आणून ठेवी.

त्यातच टीईटी प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत संपायला आली. भरती सरकारने थांबवलेली आणि मुदत मात्र माझी चालू, याचा मला फार राग यायचा, आजही येतो. जून २०२१ मध्ये केंद्राने ते प्रमाणपत्र २०११ पासूनच्या सगळ्यांसाठी आजीवन केलं, म्हणून वाचले.

पुढची अभियोग्यता चाचणी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली. त्याच वर्षी आंतरजिल्हा बदल्यांमध्ये शेकडो शिक्षक रत्नागिरी सोडून आपापल्या जिल्ह्यांत गेले. शाळा ओस पडल्या, तेव्हा आम्हा स्थानिक डी.एड. झालेल्यांना तात्पुरत्या मानधनावर बोलावलं. काही महिने मी एका वाडीवरच्या शाळेत एकटीने सगळे वर्ग सांभाळले. फेब्रुवारी २०२४ च्या निवड यादीत माझं नाव निघालं. आता मंडणगड तालुक्यात शिक्षणसेवक आहे. मानधन १६ हजार, तीन वर्षांनी वेतनश्रेणी.

पहिल्या मानधनाचं पाकीट बाबांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी पोफळीची रोपं आणली. माझ्याबरोबर डी.एड. केलेल्यांपैकी काही जणी मात्र वाट बघून थकल्या, काही मुंबईला दुकानांत लागल्या. त्या माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या. मंदीत पैसा नसतो हे मला समजतं. पण कोणत्या शाळेतला शिक्षक कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे प्रत्येक जिल्हा परिषदेला कित्येक वर्षं आधी माहीत असतं. तरी जागा साचू देतात आणि मग एकदम हजारोंची जाहिरात काढतात. दरवर्षी थोड्या जागा भरल्या असत्या, तर २०१२ आणि २०२० या दोन्ही वर्षांचा तडाखा एकाच पिढीवर बसला नसता. केळशीतल्या दोन मुली परवा विचारायला आल्या होत्या, डी.एड. करू का म्हणून. करा म्हटलं, आणि माझी सगळी पुस्तकं त्यांना दिली.