अर्ध्यावर थांबलेल्या मालिकांचं शहर

टोकियोच्या पश्चिमेला ओदाक्यू लाइनवर सोशिगाया-ओकुरा नावाचं स्टेशन आहे. गाडी येते आहे हे सांगायला तिथे 'अल्ट्रामॅन'ची धून वाजते. बाहेर पडल्याबरोबर अल्ट्रामॅनचा पुतळा. पुढे बाजारपेठेत शिरलं की रस्त्यावरच्या दिव्यांनाही त्याचाच चेहरा. त्या दिव्यांखाली भाजीवाला, सलून, दाताचा दवाखाना, शिकवणीचे वर्ग असं सगळं नेहमीसारखं चालू असतं. २००५ साली इथल्या दुकानदारांनी एकत्र येऊन आपल्या पेठेला अल्ट्रामॅनचं नाव दिलं, कारण ही मालिका बनवणारी त्सुबुराया प्रॉडक्शन्स कंपनी जवळच्याच किनुता भागात होती. आपल्याकडे पेठेला ग्रामदैवताचं नाव असतं, तसंच हे. टोकियोत नवा माणूस आला की त्याला अॅनिमे-चाहत्यांच्या अकिहाबाराला नेतात. माझ्याकडे कुणी आलं की मी त्यांना आधी इथे आणते.

'अल्ट्रामॅन'चा पहिला भाग १७ जुलै १९६६ ला टीबीएस वाहिनीवर दाखवला गेला आणि मालिका ३९ भाग चालली. निर्माते एइजी त्सुबुराया, म्हणजे 'गोझिला'ची दृश्यचमत्कृती घडवणारा माणूस. पण सिनेमाचा पैसा टीव्हीला कुठला मिळायला? दर आठवड्याला नवा राक्षस हवा, आणि रबरी पोशाख तर महागडा. मग जुनेच पोशाख पुन्हा पुन्हा वापरले गेले. दहाव्या भागातला जिरास नावाचा राक्षस नीट पाहा. मानेभोवतीची ती मोठी झालर काढली, की खाली चक्क गोझिला आहे. १९६५ च्या एका चित्रपटातल्या बारागॉनचा पोशाख तर या मालिकेत नेरोंगा, मागुलार आणि गाबोरा अशा तीन नावांनी येऊन गेला. कुठे शिंग लावलं, कुठे काटे, कुठे मानेभोवती पाकळ्या. तोरु नारिता या शिल्पकाराने या राक्षसांची रूपं रेखाटली. त्याचं काम पाहताना वाटतं, की हाताशी भरपूर पैसा असता तर इतकी कल्पकता त्याला लागलीच नसती.

नायकाची शक्तीही अशीच मोजून मापून दिलेली. पृथ्वीवर ती झपाट्याने ओसरते. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला, की वेळ संपत आली. त्याच्याकडे तीन मिनिटं असतात, हे इथल्या साठीच्या माणसापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

ज्यांना ही पोरांची मारामारी वाटते त्यांना मी तेविसावा भाग दाखवते. लेखक मामोरु सासाकी, दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. टोकियोत आंतरराष्ट्रीय शांतता परिषद भरायची आहे आणि तिला येणाऱ्या प्रतिनिधींवर एक अदृश्य यान हल्ले करतं आहे. राक्षसांशी लढणारं विज्ञान पथक ते यान उघडं पाडतं आणि त्यातून जामिला नावाचा राक्षस बाहेर पडतो. मग पॅरिसहून आलेला अधिकारी खरी गोष्ट सांगतो. जामिला माणूसच आहे. अवकाशात आधी कोण पोचतं या चढाओढीत एका देशाने त्याला यानात बसवून पाठवलं. यान भरकटून पाणी नसलेल्या ग्रहावर पडलं, आणि तिथे जगता जगता त्याचं शरीर असं होऊन गेलं. त्याच्या देशाने बदनामीच्या भीतीने सगळं दडपलं. आता हुकूम असा, की तो माणूस होता हे कुणाला कळू न देता त्याला राक्षस म्हणून मारायचं.

पथकातला इदे, एरवी सगळ्यांना हसवणारा, हातातली बंदूक टाकून देतो.

पुढची काही मिनिटं मला अजूनही सलग बघवत नाहीत. ज्या पाण्यासाठी जामिला तडफडला, तेच पाणी आता त्याला मारतं. तो चिखलात लोळतो आणि त्याच्या आवाजात तान्ह्या बाळाचं रडणं मिसळलेलं आहे. मरता मरता तो परिषदेबाहेर ओळीने लावलेल्या देशोदेशींच्या झेंड्यांकडे सरपटत जातो. शेवटी त्याच्या नावाची कोरीव पाटी बसवली जाते, तिच्यावर विज्ञान आणि मानवतेसाठी केलेल्या त्यागाचा गौरव. इदे तिच्यासमोर उभा राहून एवढंच म्हणतो, की बळी गेलेल्याच्या वाट्याला शेवटी सुंदर शब्द तेवढे येतात. डिसेंबर १९६६ मध्ये, रविवारी संध्याकाळी सात वाजता, हे मुलांसाठी दाखवलं गेलं. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा अडीच वर्षं होती.

जामिलाला मान नाही. डोकं थेट खांद्यांत बसवलेलं. त्यामुळे जपानी मुलांनी एक खेळ काढला. स्वेटर डोक्यावर ओढून घ्यायचा, चेहरा तेवढा गळ्यातून बाहेर ठेवायचा, आणि वर्गभर हिंडायचं. माझ्या ऑफिसातल्या, निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांनी मला तो उभ्या उभ्या करून दाखवला. मग खुर्चीत बसून म्हणाले, तो भाग पाहिला त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

या मालिकेचा मुख्य लेखक तेत्सुओ किंजो. मूळचा ओकिनावाचा. त्या काळी ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, आणि तिथून टोकियोला शिकायला यायचं तर जपानी माणसालाही प्रवासाची वेगळी कागदपत्रं काढावी लागत. किंजोने लिहिलेल्या शेवटच्या भागात अल्ट्रामॅन हरतो. त्याला हरवणाऱ्या झेटनला माणसं स्वतःच्या हिमतीवर मारतात आणि अल्ट्रामॅनला त्याच्या दूरच्या ताऱ्यांकडे परत नेलं जातं. किंजो स्वतः १९६९ मध्ये ओकिनावाला परतला आणि १९७६ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेला. दूरच्या मुलखातून आलेला, इथल्या माणसात मिसळून राहणारा, आपली खरी ओळख कुणाला सांगू न शकणारा नायक अशा माणसाच्या हातून उतरला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. परक्या शहरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुणालाही तो वाटणार नाही.

माझं हे वेड सुरू झालं सांगलीत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा, तेव्हा टीव्ही असलेल्या घरात आळीतली सगळी पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. डोक्यावर इजिप्तच्या फॅरोसारखं शिरस्त्राण असलेला तो अजस्र यंत्रमानव आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा जॉनी सोको. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांची मनगटं तोंडापाशी. आम्हाला कळायची ती त्या मुलाची भीती आणि त्याची माया. इंग्रजी संवाद कुणाला फारसे समजत नव्हते, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. मालिका जपानी आहे, मित्सुतेरु योकोयामाच्या चित्रकथेवरून तोएइ कंपनीने १९६७ मध्ये काढलेली, भाग २६, आणि त्या मुलाचं खरं नाव दाइसाकु, हे मला जपानात आल्यावर कळलं. शेवटच्या भागात शक्ती संपलेला रोबो आपणहून उठतो, खलनायक गिलोटिन सम्राटाला उचलतो आणि त्याला घेऊन आकाशात झेपावतो. जॉनी खालून परत ये, परत ये म्हणून ओरडत राहतो. तोवर प्रत्येक हुकूम पाळणारा रोबो तेवढा एक हुकूम पाळत नाही. सांगलीच्या त्या सतरंजीवर आम्ही सगळे रडलो होतो. सोशिगायातल्या एका चहाच्या दुकानात ही गोष्ट सांगितली, तर मालकीणबाईंनी गल्ला सोडून बाहेर येऊन माझा हात धरला. भारतातल्या पोरांनीही रोबो पाहिला होता, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

अशा मालिका टिकवण्यात चाहत्यांचा वाटा किती, हे समजायला 'यामातो' आणि 'गुंदाम'ची कथा ऐकायला हवी.

'अंतराळ युद्धनौका यामातो' ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झाली. १९४५ मध्ये समुद्रात बुडालेली युद्धनौका २१९९ साली अंतराळयान होऊन उठते आणि किरणोत्सर्गाने मरणाऱ्या पृथ्वीसाठी औषध आणायला १,४८,००० प्रकाशवर्षं दूर निघते. प्रत्येक भाग संपताना पृथ्वीचे उरलेले दिवस पडद्यावर येतात. त्याच वेळी समोरच्या वाहिनीवर ताकाहाता आणि मियाझाकी यांची 'हायडी' चालू होती आणि घराघरात तीच लागायची. ३९ भागांची योजना २६ वर गुंडाळली गेली. पण पुनःप्रक्षेपणात पोरांनी ती उचलून धरली, जागोजागी मंडळं काढली, आणि ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच भागांचा चित्रपट लागला तेव्हा थिएटरांबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा होत्या. सगळा शत्रू नष्ट झालेल्या ग्रहावर उभा राहून नायक स्वतःलाच विचारतो, की आपण हे काय करून बसलो. महायुद्ध हरलेल्या देशात, त्या नौकेचं नाव घेऊन हा प्रश्न विचारायला छाती लागते.

'गुंदाम'चं तर आणखी वाईट झालं. योशियुकी तोमिनोची ही महाकाय यंत्रमानवांची मालिका ७ एप्रिल १९७९ ला आली. इथे परग्रहावरचे राक्षस नाहीत. पृथ्वीवर जागा उरली नाही म्हणून अवकाशातल्या वसाहतींत पाठवलेली माणसं आणि पृथ्वीवरची माणसं यांचं युद्ध आहे, आणि दोन्हीकडे भली माणसं आहेत. दुसऱ्या देशात जाऊन राहिलेल्या माणसाला वसाहतवाल्यांचा राग आतून कळतो, त्यांचे अत्याचार कळूनसुद्धा. खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाला हे झेपलं नाही. ५२ चे भाग ४३ झाले. मग पुन्हा तेच घडलं: पुनःप्रक्षेपण, १९८० मध्ये निघालेली ३०० येनची प्लास्टिकची जोडायची मॉडेलं, आणि शाळकरी मुलांच्या तोंडून पसरलेली ख्याती. २२ फेब्रुवारी १९८१ ला, मालिकेवरच्या चित्रपटाच्या आधी, शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडच्या चौकात चाहत्यांना बोलावलं, तर सुमारे १५ हजार पोरं जमली. तिथे अॅनिमेच्या नव्या युगाची घोषणा वाचून दाखवली गेली. मी त्या चौकातून येता-जाता दर वेळी क्षणभर थांबते. तिथे आज फक्त दुकानं आणि घाई आहे, पण टीव्हीवर रद्द झालेली मालिका प्रेक्षकांनी परत मिळवली ती या जागी.

आता कामी-इगुसा स्टेशनाबाहेर गुंदामचा ब्राँझचा पुतळा आहे आणि ओदाइबाला जवळजवळ २० मीटर उंचीचा गुंदाम उभा आहे. ओइझुमी-गाकुएनला 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९'ची पात्रं भेटतात. ताकादानोबाबाला गाडी सुटताना 'अॅस्ट्रो बॉय'ची धून वाजते, कारण त्याचा निर्माता तेझुका याने आपल्या अॅटमचा (हे अॅस्ट्रो बॉयचं जपानी नाव) जन्म तिथला दाखवला, तारीख ७ एप्रिल २००३. (यामातो बुडाली तीही ७ एप्रिलला. चाहते असे धागे जुळवत बसतात आणि मला त्यात फार आनंद मिळतो.) ओगिकुबोजवळचं सुगिनामी अॅनिमेशन म्युझियम तर फुकट पाहता येतं.

चाहत्यांनी मालिका वाचवल्या त्या फक्त जपानातच नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग टेपा पुन्हा वापरायला म्हणून पुसून टाकले. त्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज शिल्लक आहे, कारण काही पोरांनी घरातल्या टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीसमोर धरून तो उतरवून ठेवला होता. मोठ्या संस्थेने टाकून दिलेली गोष्ट घरच्या एका टेपवर उरली.

आपल्याकडेही दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' होती, १९८९ ची 'इंद्रधनुष' होती. सेट साधे होते, पण पोरांना काळात मागेपुढे फिरवून आणायची हिंमत त्यात होती. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या मराठी मुलांनी त्या मनापासून पाहिल्या. त्या पिढीतल्या कुणी तेव्हा घरच्या व्हीसीआरवर काही उतरवून ठेवलं असेल, तर त्या कॅसेटी माळ्यावरून खाली काढा. दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि मग चित्र हाती लागत नाही. भंगारात देऊ नका, वरून लग्नाची शूटिंग घेतली असेल तरी टाकू नका. पुढे उरलेल्या टेपवर जुना भाग असू शकतो. जवळच्या शहरात डिजिटल करून देणारा माणूस शोधा आणि त्याला सांगा, मधल्या जाहिराती आणि निवेदिकेचं बोलणंही कापू नकोस. आणि 'इंद्रधनुष'चा एखादा भाग सापडलाच, तर मला जरूर कळवा.