सहा तास आणि पाच वर्षे

मुंबईहून मॉरिशसपर्यंतचे सुमारे 4,700 किलोमीटरचे अंतर तोडावयास विमानाला सहा तासांच्या आसपास वेळ लागतो. त्यातही तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याकारणाने सकाळी निघालेल्या उतारूस तेवढी दुपार जणू उसनी मिळते. वाटेत विषुववृत्त केव्हा मागे पडले याची शेजारच्या निद्रिस्त गृहस्थांना वार्ताही नव्हती. शिडांच्या जहाजांना मात्र ही रेषा विसरता येत नसे, कारण तिच्या दक्षिणेस आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे समोर ठाकत आणि प्रवासाचे आठवडे वाढवीत.

बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, उसाच्या मळ्यांच्या शेजारी, विमान उतरते. विमानतळास ज्यांचे नाव आहे ते सर शिवसागर रामगुलाम, स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान, हे बिहारातून आलेल्या एका मजुराचे पुत्र. तेथून पोर्ट लुई मोटारीने तासाभराचा रस्ता.

बंदराकाठी आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी संपुष्टात येण्याच्या सुमारास साखरेच्या मळ्यांना मनुष्यबळ हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाज मजूर घेऊन येथे आले, आणि पुढील सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांहून अधिक माणसे याच मार्गाने आली. बहुसंख्य बिहार व मद्रासकडची. परंतु मुंबई बंदरातून चढलेल्यांत रत्नागिरीकडील कोकणी कुळेही होती, आणि त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलत असले तरी गणेश चतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते. काळ्या दगडाच्या पायऱ्या, दवाखान्याच्या खोल्या, स्नानगृहे, एवढेच आता शिल्लक आहे. बाकीचा पुष्कळसा भाग हमरस्त्याने गिळला. नव्या मजुरास येथे दोन-एक दिवस ठेवून, दप्तरात नाव, गाव, वय व क्रमांक यांची नोंद करून, मळ्यावर रवाना करीत. कराराची मुदत बहुधा पाच वर्षांची असे.

मुदत सरल्यावर मनुष्य मोकळा होत असावा, असे मला वाटले होते. कायदा वाचला तेव्हा तो समज टिकला नाही. जेमतेम पासष्ट किलोमीटर लांबीच्या या बेटावर, 1867 च्या कायद्यान्वये, करारमुक्त मजुरासही छायाचित्र चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि त्याविना आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडताना सापडल्यास भटक्या म्हणून अटक होई. साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसास शेजारच्या जिल्ह्यातील आप्ताला भेटणे दुष्कर व्हावे, यातच त्या अंमलाची खरी जात उघडी पडते. अंतर मोजण्याचा अधिकार त्याने समुद्राकडून काढून शिपायाच्या हाती दिला होता.

आडोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळाव्यवस्थापकाने 1871 मध्ये या जाचाविरुद्ध 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नर गॉर्डन यांच्यापुढे ठेवला. त्यावरून विलायतेहून चौकशी आयोग आला आणि त्याच्या अहवालाने तक्रारींस पुष्टी दिली. मळेवाल्यांनीही गव्हर्नरांकडे एक अर्ज केला होता: द प्लेवित्झ यांना बेटावरून हद्दपार करावे.