वैशाखातली न्याहारी

मे महिन्यात सोलापुरात सकाळी साडेसातलाच ओट्याशी उभं राहवत नाही. पंखा लावला की गॅसची ज्योत फडफडते, म्हणून पंखा बंद. खिडकी उघडावी तर समोरच्या भिंतीवरून तापलेली हवा आत येते, म्हणून खिडकीही लोटलेली. या शहरात ज्यांनी वर्षानुवर्षं सकाळची न्याहारी केली आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

गेल्या वैशाखात उप्पीट परतता परतता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कढई कशीबशी खाली उतरवली आणि मी फरशीवर बसले. यांनी पाणी आणून दिलं, मीठ-साखर घालून. संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. ती म्हणाली, ‘‘आई, महिनाभर सकाळचं काही शिजवूच नकोस. कच्चं खा.’’

त्या रात्री मी ठरवलं की अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंत दुपारच्या स्वयंपाकाआधी गॅस पेटवायचा नाही. पण एक अट मनाशी घातली. नुसत्या फळांच्या फोडी नि भिजवलेले बदाम ताटलीत मांडून त्याला न्याहारी म्हणायचं नाही. आमच्या घरात जे खाल्लं जातं, सुशीला, पोहे, धपाटे, तेच चुलीशिवाय कसं होईल ते पाहायचं.

सुशीला हा सोलापूरकडचा, मराठवाड्यातला नि शेजारच्या कर्नाटकातला घरोघरचा पदार्थ. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी करायची, दाणे आणि डाळ्याचं पीठ घालून परतायचं. पहिल्या दिवशी मी यातली फोडणी तेवढी वगळली. पिळलेले चुरमुरे, किसलेलं गाजर, बारीक काकडी, कच्चा कांदा, डाळ्याचं पीठ, लिंबू, मीठ. दिसायला सुरेख झालं होतं. यांनी दोन घास खाल्ले आणि काही न बोलता लोणच्याची बरणी ओढली.

चव कमी पडली होती हे खरंच, पण त्याआधी वास कमी पडला होता. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, हिंगाचा वास खोलीखोलीत गेला की आमचं घर जागं होतं. पस्तीस वर्षं या घरात कुणाला हाक मारून उठवावं लागलेलं नाही. फोडणी वगळली तर सकाळच वगळल्यासारखी झाली. दोन-तीन दिवस मी याच विचारात होते. पदार्थातून विस्तव काढून घेतला तर त्याच्या जागी काय ठेवायचं?

उत्तर त्या लोणच्याच्या बरणीतच होतं. माझी आजी कैरीच्या लोणच्याला मोहरी फेसायची. पाट्यावर मोहरी घेऊन थोडं थोडं पाणी शिंपडत ती अशी रगडायची की वाटण पांढुरकं, हलकं होऊन फुगायचं आणि माजघरात बसलेल्याच्याही नाकात झणका जायचा. फेसणं हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. मोहरीतला झणका दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातलं मायरोसिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि तेव्हा कुठे तो तिखट, नाकात जाणारा अर्क तयार होतो. तापलेल्या तेलात हे विकर मरतं. म्हणूनच फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकाला झोंबत नाही. म्हणजे मोहरीचे दोन स्वभाव आहेत, एक विस्तवाचा आणि एक पाण्याचा, आणि आपण रोज एकालाच भेटत होतो.

चौथ्या दिवशी मी चमचाभर मोहरी खलबत्त्यात फेसली. लिंबू लगेच पिळलं नाही. आंबटानं झणका दबतो, म्हणून पाच-सात मिनिटं तशीच ठेवली आणि मग पिळलं. हिरवी मिरची, लसूण, मीठ एकत्र ठेचलं. लसणाचंही असंच असतं, अख्खी पाकळी गप्प असते, ठेचली की बोलू लागते. हे सगळं कच्च्या शेंगतेलात कालवून चुरमुऱ्यांना चोळलं. त्या दिवशी बरणी ओढली गेली नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात तर मोहरी फेसायचं काम यांनीच मागून घेतलं, आणि बारीक, हलकं फेसणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. लग्नानंतर त्यांनी न्याहारीचा पदार्थ पहिल्यांदा केला तो हा.

पोह्यांना फार विचार करावा लागला नाही. कोकणात पातळ पोहे ओल्या खोबऱ्यात, नारळाच्या पाण्यात कालवून वर जड ताट ठेवून दडपतात. आमच्याकडे तेल, तिखट, मीठ, मेतकूट, कच्चा कांदा लावून तसेच खातात. मी नारळाऐवजी काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट घेतला, सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे घातले आणि वर वरवंटा ठेवून पाऊण तास दडपले. उत्तम होतात. झुरिकच्या बिर्शर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी १९०० च्या सुमारास रुग्णांसाठी भिजवलेले ओट्स, कच्चं किसलेलं सफरचंद, लिंबू नि सुकामेवा एकत्र करून जी न्याहारी बसवली, ती आज म्यूसली म्हणून जगभर विकली जाते. रीत तीच, धान्य चपटं करायचं, ओलं करायचं आणि थांबायचं.

लेकीनं फोनवर शंका काढली की पोहे तर कच्चे नसतातच. बरोबरच आहे. भात गरम पाण्यात भिजवून, भाजून मग कुटतात. चुरमुरे भट्टीतल्या तापल्या वाळूत फुलतात. डाळं तर भाजलेलंच. कच्चं खाणाऱ्यांचा कडक नियम असा की अन्न ४२ ते ४८ अंशांपलीकडे तापलेलं नको. हे आकडे ऐकून मी क्षणभर गप्प राहिले, कारण त्या दिवशी सोलापूरचा पारा सावलीत ४३ वर होता. आमची गच्ची त्या नियमाच्या उंबरठ्यावर उभी होती. मग तिथेच धपाटे घातले. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, कोथिंबीर, लसूण, जिरं, तीळ वाटून अगदी पातळ, हातभर मोठ्या कागदावर पसरलं, वर मलमल. सकाळी आठला घातलेलं दुपारी चारला कडक होऊन निघालं. जाड घातलं तर मधे ओलं राहून आंबतं, म्हणून पातळच हवं आणि त्याच दिवशी वाळायला हवं. दह्याबरोबर खाल्लं. थर्मामीटर ठेवून पाहिला तर कागदाखालचा सिमेंटचा कोबा ५२ अंश दाखवत होता. म्हणजे कडक नियमानं ते कच्चंही नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. पापड, कुरडया, सांडगे याच उन्हावर पिढ्यान्‌पिढ्या वाळत आले आहेत. नियमाच्या वहीत काय लिहिलंय यापेक्षा ओट्याशी मला उभं राहावं लागलं नाही, हे मला मोठं वाटतं.

आमच्या शेजारच्या तेलुगू आजी, ज्यांच्या घरी पूर्वी माग चालायचे, एका सकाळी माझी ही खटपट पाहून म्हणाल्या, ‘‘यात नवं काय गं? आमची पच्चि पुलुसु खाल्ली नाहीस का?’’ चिंचेचं पाणी, ठेचलेली मिरची, कच्चा कांदा, जिरं, चवीला गूळ. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांतलं हे न उकळलेलं सार. पुलुसु म्हणजे आंबट आणि पच्चि म्हणजे कच्चं. तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आलं की आपण मुळ्याची, कोबीची पचडी म्हणतो ती याच घरातली. आणि पलीकडच्या कानडी घरात रामनवमीला भिजवलेल्या मुगडाळीची कोसंबरी वाटतात, ती आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. चैत्रातल्या हळदीकुंकवाची कैरीची वाटली डाळ घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कच्चीच भरड वाटलेली. तीन भाषांच्या या गावात कच्चं खाणं कुणी बाहेरून आणून द्यावं लागलेलं नाही. ते ताटाच्या डाव्या बाजूला होतं. मी फक्त त्याला मधोमध आणलं.

माझे सासरे निसर्गोपचाराचे भक्त होते. पुण्याहून सोलापूरकडे येताना उरुळी कांचन लागतं. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले, निसर्गोपचाराचा आश्रम सुरू झाला आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो आयुष्यभर सांभाळला. सासरे तिथे जाऊन आले होते आणि मोड आलेलं धान्य खाण्याविषयी फार आग्रहानं बोलायचे. गांधीजींनी स्वतः १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, तेवढाच हिरवा पाला, लिंबं आणि मध, असा त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेला आहार होता. ८ तोळे म्हणजे साधारण ९३ ग्रॅम. त्याच वर्षी प्रकृती बिघडल्यावर त्यांनी तो प्रयोग सोडला आणि सोडल्याचंही तितक्याच मोकळेपणानं सांगितलं. मला त्यातलं हे सोडणंच जास्त शिकवून गेलं, कारण लवकरच माझ्यावरही ती वेळ आली.

सोलापुरात न्याहारीचा विचार करायचा आणि ज्वारी सोडायची, हे मनाला पटेना. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिची भाकरी घरोघरी होते ती मालदांडी ३५-१ याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेली. मुगाला, मटकीला मोड येतात, तसे ज्वारीला आणावेत, वाटून त्यात ताक, मीठ, जिरं घालावं आणि आंबील न शिजवता करावी, असं माझ्या मनात आलं. ज्वारी भिजवली, फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी बार्शीकडून माझा भाऊ आला होता. त्यानं टांगलेलं गाठोडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘ताई, यात काय आहे?’’ मी सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘हे कच्चं खायचं नाही. किराळ लागल्यावर जनावरं कशी पडतात ते विसरलीस का?’’

विसरले नव्हते, पण मला ते जोडता आलं नव्हतं. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याविना खुरटलेली, जनावरानं पोटभर खाल्ली तर ते काही वेळात आडवं होतं. त्या कोवळ्या पाल्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते चावलं, कुटलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसतं. पण दाण्याला मोड फुटला की मोडात ते तयार होऊ लागतं. मुगाच्या बाबतीत जे पोषक ठरतं तेच ज्वारीच्या बाबतीत घातक. मी ते गाठोडं सोडलं आणि दाणे खड्ड्यात पुरून टाकले. कच्चं ते सगळं चांगलं, असं मानणाऱ्यांनी ही एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. राजम्याचंही तसंच आहे, तो नीट उकळल्याशिवाय पोटात जाता कामा नये. आणि मूग-मटकीचे मोडसुद्धा आपल्याकडच्या उन्हाळ्यात बारा तासांत बुळबुळीत होऊन वास मारू लागतात. दिवसातून दोन-तीनदा धुवावेत, फडकं बदलावं, आणि लहान मुलांना, गरोदर बाईला, आजाऱ्याला वाफवूनच द्यावेत.

ज्वारी मात्र विस्तवाचीच. हुरडा कोवळा असला तरी आपण शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवून, कणसं भाजून, हातावर चोळूनच खातो, आणि शेंगाचटणी, दही, गूळ यांच्या जोडीनं तो पोटात जातो. शेंगाचटणीही तशीच निघाली. कच्चे दाणे भिजवून, कुटून पाहिले, हिरवट वास जाईना. भाजलेल्या दाण्याला उखळात तेल सुटतं तेव्हाच ती सोलापूरची चटणी होते. तेवढा अपवाद करून ती मी रविवारी पहाटे, अंधार असतानाच दाणे भाजून आठवड्याची करून ठेवू लागले.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या सकाळी मी गॅस पेटवला आणि उप्पीट केलं. फोडणीचा वास घरभर गेला आणि हे न हाक मारता उठून आले. पण आठवड्यातून तीन दिवस अजूनही खलबत्ता बाहेर निघतो. चुलीशिवायची न्याहारी कमी कष्टाची असते असं मी कुणाला सांगणार नाही. रात्री भिजवणं, धुणं, फेसणं, दडपणं, किसणं यात वेळ जातोच. मात्र ते काम पंख्याखाली बसून होतं, आणि दोघांत वाटून घेता येतं. वैशाखात तुमच्या घरी ओट्याशी जी उभी असते, तिला यंदा महिनाभर सकाळचा गॅस पेटवू देऊ नका. मोहरी फेसायला मात्र तुम्ही बसा.