चाचांचं देणं

माझ्याकडच्या मँडोलिनला बाजारात अशी काही किंमत नाही. पोट प्लायवूडचं, कडेला प्लॅस्टिकची पट्टी आणि सगळ्यावर काचेसारखा कडक, जाड, तपकिरी थर. मामानं उतारवयात घेतलेलं हे वाद्य. तरुणपणी तो सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सज्जाद हुसेन यांच्या मँडोलिनबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली यायचा, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत आधी मँडोलिन वाजवायचे, हे तर तो आपल्याच घरातली गोष्ट असल्यासारखं सांगायचा. गत बोटात बसेपर्यंत तो मला उठू देत नसे. तो गेला आणि वाद्य माझ्याकडे आलं. तोवर पोटावरचा थर ठिकठिकाणी उडाला होता आणि उरलेल्याला भेगा पडल्या होत्या.

तेव्हा माझी बदली आमच्या बँकेच्या मिरजेच्या शाखेत झालेली. पेन्शनच्या कामासाठी एक वृद्ध गृहस्थ यायचे. बोटांची टोकं लालसर, नखांच्या कडा कायम गडद. तंबोऱ्यांना पॉलिश करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. एकदा धीर करून विचारलं, की मामाचं वाद्य तुम्ही पॉलिश करून द्याल का? त्यांनी ते आणायला सांगितलं, उलटसुलट करून पाहिलं, नखानं टकटक केलं आणि म्हणाले, "मी करून दिलं तर ते माझं काम झालं मॅडम. मामाचं वाद्य आहे, तुमच्या हातानं होऊ दे. मी सांगतो."

त्यांच्या ओट्यावरच काम सुरू झालं. आधी घोडी जिथं उभी होती तिथं पोटावर कागदी चिकटपट्टी लावून खूण केली. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, आठ तारांच्या ताणानंच ती जागेवर राहते. तारा उतरवल्या की ती हातात येते, आणि खूण नसेल तर नंतर बाराव्या पडद्यावरचा स्वर बेसूर लागतो. खुंट्यांची यंत्रं काढली, तारा अडकवायचा पत्रा काढला, पडद्यांच्या पट्टीवर कागद चिकटवला. मग चाचांनी कापसाला स्पिरिट लावून पत्र्याखालच्या लपलेल्या जागी घासायला लावलं. काही झालं नाही. थिनर लावला, तरी काही नाही. "चपडा असता तर स्पिरिटनं विरघळला असता, लॅकर असतं तर थिनरनं. हा कारखान्यातला पॉलिस्टर. याला औषध लावून काढायला गेलं तर ही प्लॅस्टिकची कड आधी वितळंल. गरम हवा मारली तर सांधे सुटतील. हातानंच खरवडायचं."

खरवडायला त्यांनी हॅक्सॉच्या जुन्या पात्याला धार काढून दिली. नाकाला फडकं बांधून बसायचं, पातं किंचित तिरकं धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं. थर पांढऱ्या भुशासारखा निघायचा. पोट प्लायचं असल्यामुळे खरी जोखीम पुढेच होती. वरचा लाकडाचा पापुद्रा एक मिलिमीटरसुद्धा नसतो. तो खरवडला गेला की खालचा सरस आणि आडवे तंतू दिसू लागतात, आणि ते झाकायला उपाय नाही. म्हणून पात्यानं थर अर्धामुर्धाच काढायचा, बाकीचं पॉलिश पेपरवर सोडायचं. आधी १५०, मग २२०, शेवटी ३२० नंबर, आणि तेही तंतूंच्या दिशेनंच. दर थोड्या वेळानं चाचा माझा हात थांबवत आणि वाद्य उजेडाकडे तिरपं धरत. "बघा, इथं चकाकतंय, म्हणजे अजून थर आहे. इथं मंद झालं, इथं आता हात लावायचा नाही." बँकेतून सुटल्यावर रोज तासभर मी ओट्यावर बसायची. घाई करू लागले की म्हणायचे, "लाकूड काय पळून चाललंय व्हय?"

चपड्याबद्दल त्यांनी मला जे सांगितलं, ते तोवर कुणी सांगितलं नव्हतं. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ ताणलं की त्याचे नारिंगी पापुद्रे होतात, तो चपडा. रांचीजवळ नामकुमला या लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये संस्था उभी राहिली, इतकं तिचं महत्त्व होतं. ग्रामोफोनच्या जुन्या ७८ वेगाच्या तबकड्या याच लाखेच्या. मिरजेला आपलं घर मानणाऱ्या आणि १९३७ मध्ये गेल्यावर इथंच दर्ग्याच्या आवारात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज लाखेवर उमटला, आणि त्यांच्या गाण्यामागे घुमणाऱ्या तंबोऱ्यांवरही लाखच होती. हे सांगताना चाचा हातातलं काम ठेवून द्यायचे.

प्रमाण साधं होतं. अर्धा लिटर स्पिरिटला १०० ग्रॅम चपडा, रात्रभर ठेवायचा, अधूनमधून हलवायचा. मेण तळाशी बसलं की वरचं निवळलेलं गाळून घ्यायचं. केलेलं पॉलिश महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, जुनं झालं की ते नीट वाळत नाही, चिकट राहतं. शंका आली तर काचेवर थेंब टाकून पाहायचा. लाकडाची छिद्रं खडूची पूड आणि चिमूटभर पिवडी पॉलिशमध्ये कालवून भरून घेतली.

मग बोळा. आत कापूस, वर धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल. कापूस पॉलिशनं भिजवायचा, पण दाबल्यावर जेमतेम ओल यावी इतकाच. तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. बोळा हवेतूनच फिरत फिरत लाकडावर उतरवायचा, गोल गोल न्यायचा आणि तसाच फिरता उचलायचा. लाकडावर क्षणभरही थांबला तर तो चिकटतो आणि खालचा हात उचकटतो. चाचांचा हात असा चालायचा की उतरला कधी आणि उचलला कधी, कळायचं नाही. माझ्या मनगटाला ते यायला वेळ लागला. ते माझ्या हातावर हात ठेवून फिरवायचे. त्या वयात त्या हातात थरथर होती, पण बोळा धरला की ती जायची. एक फेरी झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत विसावा. दमट हवेत काम नाही, कारण ओल आत अडकून पॉलिशवर पांढुरकी झाक धरते. मानेवर मात्र त्यांनी अगदी पातळ हात मारायला लावला. "इथं तुमचा अंगठा फिरणार. तिथं चकाकी कशाला?"

ते वाद्य आता सुंदर दिसतं, हे मी अभिमानानं सांगते. आवाजाबद्दल मात्र चाचांनी मला खोटी आशा लावली नाही. जाड थर गेल्यानं पोट जरा मोकळं झालं, तारा नव्या आल्या, घोडी जागेवर बसली, एवढ्यानं फरक पडला. प्लाय प्लायच राहिला. मामा ऐकता तर त्याला तो फरक कळला असता, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

पैशांचं पाकीट पुढे केलं तेव्हा चाचांनी ते उघडलंही नाही. थोडा वेळ थांबून म्हणाले, "माझं शिक्षण उर्दूतलं. नातू मराठी शाळेत आहे. हे सगळं त्याला मी दाखवतो, पण उद्या मी नसलो तर? तुमचं अक्षर स्वच्छ आहे. लिहून द्या." मग मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसू लागले. तंबोऱ्याच्या भोपळ्याला किती हात, दांडीला किती, चंद्रस कधी घालायचा, कोणत्या ऋतूत काय टाळायचं. ते सांगत, मी लिहीत असे आणि वाचून दाखवत असे. माझ्या नोकरीत मी ढीगभर कागद लिहिले, त्यांतलं एवढं एकच कुणाला आयुष्यभर उपयोगी पडावं असं होतं. तेही मला चाचांनीच दिलं.

चाचा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नातवाचा फोन आला. तो आता स्वतः पॉलिशचं काम करतो. वहीत माझ्या ओळींच्या शेजारी त्यानं स्वतःची प्रमाणं लिहिली आहेत, काही ठिकाणी माझं खोडून. त्यानं पानांचे फोटो पाठवले, मी एकेक करून वाचले. शेवटी त्यानं विचारलं, मँडोलिनचं पॉलिश कसं आहे?

"मानेवर झिजलंय, अंगठ्यापाशी."

"मग घेऊन या की मॅडम. चपडाच आहे, नवा हात जुन्यात मिसळतो. उतरवायला लागणार नाही."

पुढच्या महिन्यात मी मिरजेला जाते आहे.