दूरच्या दीर्घिकेच्या छातीचा फोटो

आपल्या वस्तीत एक्स-रे म्हणजे छातीचा फोटो. डॉक्टर प्लेट उजेडाकडे धरतात आणि घरचे सारे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात. प्लेट स्वतः बोलत नाही, ती वाचावी लागते. आकाशातल्या क्ष-किरणांचेही तसेच आहे, हे बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

काही दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असते. त्यात ओढला जाणारा वायू आधी भोवती तबकडीसारखा फिरतो व तापून उजळतो. जवळच शंभर कोटी अंशांच्या घरात तापलेले इलेक्ट्रॉन असतात. ते या प्रकाशाला धक्के देऊन त्याचे क्ष-किरण करतात. या तप्त भागाला शास्त्रज्ञ 'कोरोना' म्हणतात (२०२० च्या साथीशी संबंध नाही!). हे किरण हवेत अडतात, म्हणून दुर्बीण उपग्रहावर ठेवतात. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटच्या अशा उपकरणांवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम झाले.

खरा वाद लोखंडाचा. क्ष-किरण तबकडीवर आदळले की तिथले लोखंड ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते. आलेखावर त्याची बारीक रेघ यायला हवी. जपानच्या आस्का उपग्रहाला एका दीर्घिकेत ती पसरट, एका बाजूला ओघळलेली दिसली. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. एक गट म्हणाला, कृष्णविवराच्या ओढीने किरणांची शक्ती घटली. दुसरा म्हणाला, मधल्या वायूच्या ढगांनी काही किरण गिळले. दोन्ही हिशेब जुळत होते! आम्ही कारकून माणसे. एका वहीवरून दोन ताळेबंद निघाले, तर दुसरी वही मागवतो. इथेही तेच झाले. २०१२ साली न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहांनी सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी १३६५ ही दीर्घिका मिळून पाहिली. तिथे ढग खरेच आहेत. पण न्यूस्टारला दिसणाऱ्या जास्त ऊर्जेच्या किरणांत नुसत्या ढगांचा हिशेब बसेना. कृष्णविवर वेगाने गरगरते आहे, हा निष्कर्ष २०१३ साली छापून आला.

हे वाचताना आम्हाला ओळखीचा एक तरुण कामगार आठवला. त्याच्या फोटोत डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, "क्षय असेल, नसेलही. थुंकी तपासा." घरच्यांना वाटले, या डॉक्टरला काही कळत नाही. देवऋषी मात्र ठामपणे 'करणी' म्हणाला, म्हणून तो खरा! बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर. थोरांनी सांगितले एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, ते दर पौर्णिमेला ऐकणारे. तीन महिने गेले. थुंकीत क्षयच निघाला. औषधाने तो वाचला, पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले.

'असेल, नसेलही' म्हणून पुढची तपासणी सांगणारा माणूस अडाणी नसतो. शास्त्रज्ञही कोरोनाच्या आकाराबाबत अजून तसेच बोलतात. तो कृष्णविवराच्या डोक्यावर दिव्यासारखा आहे, की तबकडीवर पसरलेला? २०२१ साली सोडलेल्या आयएक्सपीई उपग्रहाने एनजीसी ४१५१ मध्ये मोजले, तेव्हा कौल पसरलेल्याच्या बाजूने गेला. इतर दीर्घिकांत काय आहे, ते एकेक मोजून पाहावे लागेल.